पानावर पडलेला स्पिरिटचा थेंब

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसू लागला, की कुंड्यांची निगा राखणाऱ्याला पहिली शंका येते ती मिलीबगची. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. जवळून पाहिलं तर त्या पांढऱ्या पुंजक्यात तीन-चार मिलिमीटर लांबीचे, अंगावर आडव्या वळ्या असलेले मऊ किडे दिसतात. बोटाने चिरडले की रस निघतो आणि बोट चिकट होतं. मग शेजारची एखादी जाणती काकू सांगते, "कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घे आणि पुसून काढ." इंजेक्शन देण्याआधी दंडावर लावतात तेच स्पिरिट. सल्ला खरा आहे. स्पिरिटने मिलीबग मरतो. पण तेच स्पिरिट फवाऱ्याच्या बाटलीत भरून भर दुपारी मारलं, की दोन दिवसांत जास्वंदीची पानं करपतात, हेही तितकंच खरं आहे.

कीड मारणारा आणि पान भाजणारा गुण एकच आहे. तो नीट समजून घेतला, तर स्पिरिट कुठे वापरायचं, किती वापरायचं आणि कुठे त्याला हातही लावायचा नाही, हे कोणाला विचारावं लागत नाही.

बाटलीत काय असतं

औषधाच्या दुकानात 'रबिंग अल्कोहोल' किंवा 'सर्जिकल स्पिरिट' या नावाने जे मिळतं, ते बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं: साधारण ७० टक्के अल्कोहोल आणि उरलेलं पाणी. काही बाटल्यांत त्याऐवजी इथेनॉल असतं, म्हणजे दारूत असतं तेच अल्कोहोल. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात कडू किंवा विषारी द्रव्यं मिसळलेली असतात. लेबल वाचणं म्हणूनच महत्त्वाचं. झाडासाठी रंग, सुगंध, तेल यांपैकी काहीही न मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलच घ्यावं. २०२० नंतर घरोघरी उरलेलं सॅनिटायझर झाडांवर मारण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि जेल असेल तर घट्टपणा आणणारं द्रव्यही असतं. अल्कोहोल उडून जातं, पण ही चिकट द्रव्यं पानावरच राहतात. सॅनिटायझर हातांसाठीच ठेवावं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचे तीन गुण झाडाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. मेण आणि स्निग्ध पदार्थ सैल करण्याची, काही प्रमाणात विरघळवण्याची ताकदही त्याच्यात असते. आणि त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा खूपच कमी असतो. ७० टक्के स्पिरिटचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश भरतो. पुढे जे काही घडतं ते या तीन गुणांमुळे.

अळूच्या पानावरचा प्रयोग

अळूचं एक ताजं पान घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल मण्यासारखा राहतो, पान कलतं केलं की घरंगळून जातो आणि मागे ओल उरत नाही. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक. थेंब या टोकांवर टेकलेला असतो आणि त्याच्या खाली हवा असते. कमळाच्या पानात हीच रचना असते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी ती उलगडून दाखवली. सहकारी नाइनहुइस यांच्यासोबत १९९७ साली त्यांनी लिहिलेला कमळाच्या स्वच्छतेवरचा निबंध आज या विषयाचा आधार मानला जातो.

आता त्याच पानावर स्पिरिटचा थेंब सोडा. तो मणी होत नाही. टेकताक्षणी पसरतो आणि मेणाच्या टोकांमधली हवा हटवून पानाच्या अंगाला भिडतो. पाण्याला जिथे शिरकाव नव्हता, तिथे स्पिरिट सहज पोहोचतं.

अळू हे टोकाचं उदाहरण झालं, पण मेणाचा थर जवळजवळ प्रत्येक झाडाच्या पानावर असतो. वनस्पतिशास्त्रात या थराला क्यूटिकल म्हणतात. क्यूटिन नावाच्या बहुवारिकाची जाळी आणि तिच्यात व वर साचलेलं मेण, अशी त्याची घडण असते. जाडी बहुधा काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग एवढीच. वैशाखातल्या उन्हात आंब्याचं पान सुकून कोळ होत नाही, ते या थरामुळे. पानातलं पाणी त्यातून सहजासहजी बाहेर जाऊ शकत नाही, आणि बाहेरचे जंतू व बुरशीही सहजासहजी आत येऊ शकत नाहीत. स्पिरिट वारंवार किंवा जास्त तीव्रतेचं लागलं, की हा थर विस्कटतो. पान त्या क्षणी हिरवंच दिसतं, पण त्याची झाकण राखण्याची क्षमता कमी होते आणि ऊन, वारा, कोरडी हवा यांचा मार त्याला जास्त बसतो.

मेणाखेरीज दुसरी वाट असते पर्णरंध्रांची. श्वसन आणि प्रकाशसंश्लेषणासाठी वायूंची ये-जा होते ती या सूक्ष्म छिद्रांतून, आणि ती बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. रंध्रं उघडी असली तरी पावसाचं पाणी त्यांतून आत जात नाही, कारण पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो. अल्कोहोलचं तसं नाही. ऑस्ट्रियातले वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९१२ साली हाच फरक एका तपासणीसाठी वापरला. पानावर ते अल्कोहोल, बेंझीन असे निरनिराळे द्रव लावत. द्रव रंध्रांतून आत शिरला तर तिथे पान भिजल्यासारखं गर्द दिसे, आणि कोणता द्रव शिरला यावरून रंध्रं किती उघडी आहेत ते कळे. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, शेतात उभ्याउभ्या तपासणी करता येते.

बागेत याचा थेट उपयोग आहे. स्पिरिट फवारल्यावर पानावर तेलाचा डाग पडल्यासारखे गर्द ठिपके दिसले, तर ते आत शिरलं आहे असं समजावं. हेच ठिपके एक-दोन दिवसांत फिकट, मग तपकिरी आणि कागदासारखे कोरडे होतात. रंध्रं उजेडात उघडतात, म्हणून सकाळ चढल्यावर केलेला फवारा सगळ्यात धोक्याचा.

पेशीच्या आत गेल्यावर

आत शिरलेलं अल्कोहोल नेमकं काय करतं, ते बीटाच्या फोडीवर पाहता येतं. बीटाच्या पातळ, सारख्या आकाराच्या फोडी करा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईपर्यंत त्या पाण्याने धुवा, पाणी नितळ येऊ लागलं की थांबा. मग एक फोड साध्या पाण्यात आणि दुसरी एक भाग स्पिरिट व एक भाग पाणी अशा मिश्रणात ठेवा. अर्ध्या तासाने पाण्यातली फोड जवळजवळ तशीच असते, पाणी फार तर किंचित गुलाबी होतं. स्पिरिटच्या पेल्यात मात्र लाल रंग उतरलेला दिसतो.

बीटाचा लाल रंग पेशीच्या आतल्या रिक्तिकेत साठलेला असतो. तिच्याभोवती एक पटल आणि सगळ्या पेशीभोवती दुसरं, असे दोन अडसर ओलांडल्याशिवाय तो बाहेर येऊ शकत नाही. ही पटलं स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराची असतात आणि त्यांच्यात प्रथिनं रोवलेली असतात. अल्कोहोल या स्निग्ध थरात घुसून त्याची मांडणी सैल करतं, प्रथिनांच्या घड्या उलगडतं आणि पटल गळू लागतं. रंग बाहेर येताना दिसतो. त्याच्याबरोबर क्षार आणि साखरही बाहेर येत असतात, त्या दिसत नाहीत एवढंच. जास्वंदीच्या करपलेल्या पानात हेच घडलेलं असतं. पेशी रिकाम्या होतात, तो भाग मरतो आणि वाळतो.

शाळेत पानातलं स्टार्च ओळखण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. उन्हातलं पान आधी उकळत्या पाण्यात बुडवायचं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीत अल्कोहोल घेऊन त्यात ते ठेवायचं. अल्कोहोल हिरवंगार होतं, पान पांढुरकं पडतं आणि आयोडीन टाकलं की निळं-काळं दिसतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी पानातलं स्टार्च प्रकाशात तयार होतं हे आयोडीनच्याच मदतीने सिद्ध केलं. त्या परीक्षानळीत अल्कोहोलने पेशीची पटलं मोडून हरितद्रव्य ओढून काढलेलं असतं. बागेत उष्णता कमी आणि वेळही कमी, म्हणून परिणाम सौम्य. पण दिशा तीच.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो: ९९ टक्के अल्कोहोल ७० टक्क्यांपेक्षा जास्त प्रभावी नसेल का? जंतूंच्या बाबतीत उलटं घडतं. प्रथिनांच्या घड्या उलगडायला पाण्याची मदत लागते, आणि पाणी असलं की स्पिरिट उडायलाही जास्त वेळ लागतो. ९९ टक्के अल्कोहोल लवकर उडून जातं आणि जंतूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवून आतल्या भागापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून निर्जंतुकीकरणासाठी ७० टक्के हेच प्रमाण सगळीकडे रूढ आहे.

मिलीबगवर स्पिरिट

मिलीबगच्या अंगावरची पांढरी भुकटी म्हणजे त्याने स्वतः स्रवलेलं मेण. पाणी आणि पाण्यात कालवलेली बरीचशी कीटकनाशकं त्यावरून ओघळून जातात. स्पिरिट मात्र अळूच्या पानावर पसरलं तसंच या मेणावरही पसरतं, ते सैल करतं आणि खालच्या मऊ शरीराला भिडतं. पेशींची पटलं फुटतात, अंगातलं पाणी जातं, आणि पांढरा किडा पाहता पाहता तपकिरी-पिवळसर पडतो. खवले किडीच्या पाठीवर कडक कवच असतं, म्हणून तिच्यावर बोळा जरा दाबून फिरवावा लागतो. मावा आणि लाल कोळी यांना मेणाचं एवढं संरक्षण नसतं. त्यांच्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कीड-व्यवस्थापन विभागाचा सल्ला आपल्याकडच्या कुंड्यांनाही लागू पडतो. किडे थोडे असतील तर ७० टक्के किंवा त्याहून सौम्य स्पिरिट कापसाच्या काडीने थेट किड्यावर टेकवायचं. प्रादुर्भाव जास्त असेल तर १० ते २५ टक्क्यांचं द्रावण फवारायचं आणि दर आठवड्याला पुन्हा पाहायचं. दोन्हींच्या आधी एका पानावर लावून एक-दोन दिवस वाट पाहायची. घरच्या मापात सांगायचं तर ७० टक्के स्पिरिटच्या एका वाटीत दोन वाट्या पाणी घातलं की साधारण २३ टक्क्यांचं द्रावण होतं, सहा वाट्या घातलं की १० टक्क्यांचं. त्यात भांडी घासायचा साबण सढळ हाताने घालण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. साबणही मेण सैल करतो, आणि दोन्ही मिळून पानाला दुप्पट त्रास होतो.

दर आठवड्याला पुन्हा का पाहायचं? मिलीबगची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते, आणि पिशवीच्या आतली सगळी अंडी एका खेपेत मरत नाहीत. उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. नुकती निघालेली पिल्लं फिकट पिवळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी आणि चालती असतात. तीच एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातात. देठाच्या बेचक्यात, पानाच्या खालच्या शिरेलगत आणि कुंडीच्या काठाखाली ती दडतात. खोडावर मुंग्यांची रांग लागली असेल तर तिचा माग काढावा. मिलीबगच्या अंगातून निघणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या मिलीबगला शत्रूंपासून राखतात आणि नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि पानं काजळल्यासारखी दिसतात. मुंग्या थांबवल्याशिवाय कितीही बोळे वापरले तरी कीड परत येते.

काही झाडांना मात्र स्पिरिट सोसत नाही. एचेवेरियासारख्या मांसल पानांच्या झाडांवर निळसर-पांढरी भुकटी असते. ती त्यांची मेणाची झाकण. बोळा फिरवला की ती पुसली जाते आणि त्या पानावर पुन्हा धरत नाही. नेचे, कलाथिया यांची पानं पातळ असतात. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर लव असते, तिच्यात स्पिरिट अडकून राहतं. कुठल्याही झाडाचे कोवळे फुटवे आणि कळ्याही यातच धराव्या, कारण त्यांचं मेण अजून पुरतं तयार झालेलं नसतं. पाण्यावाचून मलूल झालेल्या झाडालाही स्पिरिट लावू नये. आधी पाणी द्यावं, झाड टवटवीत होऊ द्यावं. तुळस, कढीपत्ता, पुदिना अशा खायच्या पानांवर स्पिरिट नकोच. बाटलीत आणखी काय मिसळलं आहे ते नेहमी कळत नाही.

आणखी एक खबरदारी जिवाची आहे. ७० टक्के स्पिरिटची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात बाल्कनीचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागणार असेल, उदबत्ती असेल, शेजारी गॅस असेल, तर त्या वेळी फवारा मारू नये आणि बाटलीही तिथे ठेवू नये.

कात्रीच्या पात्यावर आणि प्रयोगशाळेत

झाडावर स्पिरिट जपून वापरावं लागतं. अवजारावर ते निर्धास्त वापरता येतं. सोलापूर, नाशिक, सांगली या पट्ट्यातल्या डाळिंब उत्पादकांना तेल्या रोगाबद्दल सांगावं लागत नाही. झँथोमोनस या जिवाणूमुळे पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि हंगाम हातचा जातो. हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, तसाच छाटणीच्या कात्रीवर बसूनही झाडामागून झाड गाठतो. म्हणून एका झाडाची छाटणी झाली की दुसऱ्याला हात लावण्याआधी कात्री निर्जंतुक करणं ही डाळिंबाच्या बागेतली मूलभूत शिस्त आहे. २००५ साली सोलापुरात स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र या रोगावर सातत्याने काम करत आलं आहे.

कात्रीसाठी बहुधा सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरतात. ते स्वस्त आणि जोरकस आहे, पण पातं गंजवतं. स्पिरिट महाग पडतं, पण गंज आणत नाही आणि लगेच उडून जातं. कुंड्यांच्या छाटणीसाठी स्पिरिट सोयीचं. मात्र आधी पात्यावरचा चीक आणि माती पुसून काढावी, कारण घाणीच्या थराखालच्या जिवाणूपर्यंत स्पिरिट पोहोचत नाही. तंबाखूच्या मोझॅक विषाणूसारखे टणक विषाणूही स्पिरिटला फारशी दाद देत नाहीत. टोमॅटो-मिरचीवर असा विषाणू असेल तर ब्लीच वापरावं.

स्पिरिट आणि जिवंत पेशी यांच्यातला नाजूक हिशेब रोज सांभाळला जातो तो ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत. जळगावच्या बागांत लागणारी ग्रँड नैन केळीची रोपं अशाच प्रयोगशाळांत बाटल्यांमध्ये वाढलेली असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या तंत्रात भारतात मोठं काम केलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या बांबूला बाटलीतच फुलं आणली, आणि त्यावरचा निबंध १९९० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक वर्षांनी एकदा फुलणाऱ्या बांबूच्या बाबतीत ही मोठी घटना होती.

अशा कामाची सुरुवात झाडाचा छोटा तुकडा जंतुमुक्त करण्यापासून होते. सर्वसाधारण पद्धत अशी: तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवायचा, मग हायपोक्लोराइटमध्ये, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचा. अल्कोहोलची पाळी इतकी थोडी, कारण त्या वेळात वरचे जंतू बरेचसे मरतात आणि तुकड्याच्या आतल्या पेशी शाबूत राहतात. पाच मिनिटं ठेवलं तर जंतू नक्की मरतील, पण वाढवायला काही उरणार नाही. बागेतल्या माणसालाही हाच हिशेब करायचा असतो: कीड मरेल एवढं, झाड सोसेल तितकंच.

मुळांशी दिलेलं अल्कोहोल

अल्कोहोल मुळांना दिलं तर काय होतं, याचं सर्वांत सुंदर उत्तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मिळालं. थंड देशांत लोक हिवाळ्यात नर्गिसाचे कंद खड्यांत आणि पाण्यात ठेवून घरात फुलवतात. घरातल्या कमी उजेडात त्याचे दांडे उंच वाढतात आणि फुलांच्या भाराने कोलमडतात. विल्यम मिलर आणि एरिन फिनान यांनी कंदाला मुळं फुटून कोंब वर आल्यावर साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी दिलं. झाडं एक तृतीयांश ते निम्म्याने बुटकी राहिली, फुलांचा आकार मात्र कमी झाला नाही आणि ती टिकलीही तितकीच. व्हिस्की, जिन, व्होडका चालली. रबिंग अल्कोहोलही चाललं. बिअर आणि वाइन चालली नाही, कारण त्यांतली साखर झाडाला बाधते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

कारण बहुधा परासरणात आहे. पाण्यात अल्कोहोल असलं की मुळांना पाणी ओढून घेणं थोडं अवघड जातं. झाडाला किंचित तहान राहते. पेशींची लांबी वाढायला पाण्याचा दाब लागतो, तो कमी पडतो आणि दांडा बुटका राहतो. फुलाचा बहुतेक माल कंदात आधीच साठलेला असतो, म्हणून फुलाला फटका बसत नाही. पण १० टक्क्यांच्या वर गेलं की झाडाला इजा होऊ लागते आणि २५ टक्क्यांना ते तग धरत नाही. फवाऱ्यासाठी चालणारं प्रमाण मुळांना मारक ठरतं, म्हणून किडीवर फवारताना द्रावण कुंडीत गळणार नाही याची काळजी घ्यावी. कुंडीच्या तोंडावर जुना कागद पसरला तरी पुरे. आणि नर्गिसावर जमलं ते कंद नसलेल्या आपल्या मोगऱ्यावर किंवा गुलाबावर करून पाहू नये.

स्पिरिटचा पान भाजण्याचा गुण तण मारायला वापरता येईल असंही काहींना वाटतं. फरशीच्या फटीतलं तण स्पिरिटने वरवर वाळतं खरं. पण हरळीचे धावते दांडे आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली सुखरूप असतात. पंधरा दिवसांत नवे कोंब हजर. तिथे खुरपंच कामाचं.

झाडाचं स्वतःचं अल्कोहोल

झाडाला अल्कोहोल परकं नाही. कोकणातल्या खाचरात भाताची मुळं पाण्याखाली असतात तेव्हा त्यांना ऑक्सिजन कमी मिळतो. अशा वेळी मुळांच्या पेशी किण्वनाचा मार्ग धरतात आणि साखरेपासून थोडी ऊर्जा काढताना इथेनॉल तयार करतात. बरंचसं इथेनॉल मुळांतून बाहेर पाण्यात झिरपून जातं. कुंडीत पाणी तुंबून मुळं गुदमरली तरी हेच होतं. अशा मातीला येणारा आंबूस वास याच किण्वनाचा आणि कुजण्याचा असतो.

जपानच्या रिकेन संस्थेत मोतोआकी सेकी यांच्या गटाने इथेनॉलच्या या ओळखीचा उपयोग करून पाहिला. रोपांना अत्यंत सौम्य इथेनॉल तीन दिवस मुळांवाटे दिलं आणि मग दोन आठवडे पाणी तोडलं. पुन्हा पाणी दिल्यावर इथेनॉल मिळालेली गहू आणि भाताची सुमारे ७५ टक्के रोपं जगली. न मिळालेल्यांतली ५ टक्क्यांहून कमी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की रोपं इथेनॉलपासून साखर बनवत होती आणि पर्णरंध्रं मिटून पाणी राखत होती. दुष्काळी मुलखासाठी हे काम मोलाचं आहे. पण ते प्रयोगशाळेतल्या रोपांवर, इथेनॉलने आणि काटेकोर मात्रेत झालेलं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल हा निराळा रेणू आहे. त्याची बाटली कुंडीत ओतून हा फायदा मिळणार नाही.

आशा आणि अनुभव यांतलं अंतर दाखवणारी एक गोष्ट १९९२ सालची आहे. आर्थर नोनोमुरा आणि अँड्र्यू बेन्सन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लिहिलं, की मिथेनॉल फवारल्याने उष्ण, कोरड्या हवेत कापसासारखी पिकं जोमाने वाढतात आणि पाणी कमी लागतं. बेन्सन हे प्रकाशसंश्लेषणातला कार्बनचा मार्ग शोधणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे या दाव्याला वजन होतं. नंतर अनेक ठिकाणी चाचण्या झाल्या, पण तसा फायदा सातत्याने मिळाला नाही. साधा हिशेब मांडून पाहा. हेक्टरी १०० लिटर पाण्यात २० टक्के मिथेनॉल दिलं, तर त्यातून पिकाला सुमारे ६ किलो कार्बन मिळेल. हंगामभरात तेच पीक हवेतून हेक्टरी काही टन कार्बन घेतं. शिवाय मिथेनॉल माणसाची दृष्टी घालवणारं विष आहे, ते फवारणाऱ्याच्या अंगावर उडणार हे वेगळंच.

बोळ्याच्या टोकाएवढं काम

या सगळ्यातून घरच्या बागेसाठी थोडकेच नियम निघतात. स्पिरिट किडीवर टेकवावं, झाडाला न्हाऊ घालू नये. ऊन उतरल्यावर, झाड सावलीत असताना लावावं. एका पानावर आधी पाहावं. दुसऱ्या दिवशी पान साध्या पाण्याने धुवावं. आणि प्रत्येक फेरीत मुंग्या, बेचके आणि पानांची खालची बाजू तपासावी. बरीचशी कीड अशा पाहण्यामुळेच आटोक्यात येते.

ही पद्धत शेताला मात्र लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. द्राक्षाच्या एकरभर मांडवाला किंवा पपईच्या बागेला कोणी कापसाचा बोळा लावू शकणार नाही, आणि तिथे स्पिरिट फवारणं खर्चिक, आगीच्या दृष्टीने धोक्याचं आणि पिकाला मारक ठरेल. २००८ साली मेक्सिको मूळ असलेला पपईवरचा मिलीबग कोइंबतूरजवळ सापडला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोहोचला. २०१० साली बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेने प्वेर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये ही एका मिलिमीटरहूनही लहान माशी मिलीबगच्या अंगातच अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून संपवते. फवारण्यांनी न हटलेली कीड तिने मोठ्या क्षेत्रावर आटोक्यात आणली.

शेतात हे काम माशी करते, कुंडीत आपल्या बोटांना करावं लागतं. दोन्हीकडे यश येतं ते नेमकेपणामुळे: माशी पपईच्या पानाला हात न लावता नेमका मिलीबग गाठते. हातातल्या बोळ्यानेही तेवढंच करायचं असतं.